टीपी कोणी फाडायची? गडचिरोलीतल्या सामूहिक वनहक्काची पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झालेले आहेत. बांबू, तेंदू, मोहफूल, चारोळी यांवरची मालकी ग्रामसभेची, असे वनहक्क कायदाही सांगतो. पण माल जंगलातून बाजारात न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो; सगळे त्याला टीपी म्हणतात आणि तो पुस्तकातून पावतीसारखा फाडून देतात. खरे भांडण टीपीचे पुस्तक कोणाच्या हाती, याचेच होते.

जमीनदारी असेपर्यंत इथल्या बऱ्याच जंगलांत गावाचा निस्तार चालत होता, म्हणजे घराला बांबू, चुलीला सरपण, गुरांना चराई. १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली आणि ही जंगले सरकारजमा झाली. निस्तार पत्रकात नोंदी झाल्या, तरी वनखात्याचा अंमल घट्ट होत गेला तशी ती वहिवाट आकसली. कुंपणाला चार बांबू आणणाराही चोर ठरू लागला, आणि तोच बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद गिरणीला जात होता.

१९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभे राहिले. त्यातूनच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ग्रामसभेचा वेगळा रस्ता धरला. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही त्यातली ठळक नावे. बहुमत नाही, सर्वसहमती. निर्णयाआधी अभ्यासगटात चर्चा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. १९९० नंतर संयुक्त वनव्यवस्थापन आले. गावाने राखण करायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा, असा तो करार होता, हक्क नव्हता. शिवाय योजनेचा भर उजाड वनांवर, म्हणजे ज्यांनी जंगल राखले त्यांनाच ती धड लागू पडेना!

वनहक्क कायदा २००६ चा, अंमल ३१ डिसेंबर २००७ पासून. सामूहिक दाव्यासाठी ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. समिती शेजारच्या गावांना बोलावून हद्द फिरते, नकाशा काढते आणि किमान दोन पुरावे जोडते. निस्तार पत्रक इथे कामी येते. दावा ग्रामसभेच्या ठरावाने उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. अडते बहुधा हद्दीवर. शेजारच्या गावाची सही राहिली किंवा कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला आकडा) चुकला, की पुढची भांडणे ठरलेलीच.

मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गावाने बांबू विकायला काढला, तर टीपी मिळेना. १९२७ च्या वन अधिनियमात बांबू ‘वृक्ष’ होता आणि नव्या कायद्यात गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल. खाते जुन्या व्याख्येला धरून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे असल्याचे नियमांतच लिहिले गेले. वन अधिनियमातली व्याख्या बदलायला २०१७ उजाडले.

अधिकारासोबत तोडीची शिस्तही ग्रामसभेवर आली. बांबूच्या बेटात जुने बांबू मधे आणि कोवळे कडेला असतात. मजुरी नगावर असली की तोडणारा कडेचे, हाताला येणारे कापतो. मधले तसेच वाळतात, बेट गच्च होते आणि नव्या कोंबांना जागा उरत नाही. म्हणून बेटात एका बाजूने वाट करून आत शिरायचे आणि जुने बांबू काढायचे. एक वर्षाच्या आतल्याला हात लावायचा नाही, बेटात आठ-दहा तरी उभे ठेवायचे. काप जमिनीलगत, पेराच्या गाठीच्या अगदी वर. उंच खुंट राहिला तर पुढच्या तोडीला वाट अडते, पोकळ भागात पाणी साचले तर खुंट कुजतो. पावसाळ्यात, वास्ते (कोवळे कोंब) फुटत असताना, तोड बंद. तीन-चार वर्षांनी पुन्हा त्याच कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, यायचे. ठेकेदार एका हंगामापुरता येतो, तो एवढे पाळेल कशाला?

घरोघरी रोख पैसा येतो तो मात्र तेंदूतून. हंगाम उन्हाळ्याचा आणि जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पूर्वी कोवळी पाने फुटावीत म्हणून जंगलाला आगी लावल्या जात. आता अनेक ग्रामसभा त्याऐवजी झुडपांची छाटणी करून घेतात. फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, मोजणी गावचाच माणूस करतो.

पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, ग्रामसभेला दोन पर्याय असतात. विक्री वनखात्यामार्फत करायची, नाहीतर स्वतः लिलाव करायचा. दुसऱ्यात दर चांगला मिळतो, जोखीमही ग्रामसभेची. २०१७ मध्ये तेंदूपानांवर १८ टक्के जीएसटी लागला होता. चढ्या दराने माल उचललेला व्यापारी बाजार पडला की थकबाकी ठेवून दिसेनासा होतो, आणि मजुरीसाठी लोक ग्रामसभेच्या दारात येतात. म्हणून अनामत आधी घ्यावी, हप्त्यांच्या तारखा करारात लिहाव्यात आणि हप्ता बँकेत जमा झाल्याशिवाय पुस्तकातली टीपी फाडू नये.