कार सबवूफर आणि अ‍ॅम्पचे ओहम जुळवणे

गाडीत सबवूफर (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बसवताना अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) झेपेल एवढाच लोड त्याच्यावर पडेल अशा बेताने वूफर निवडणं आणि त्याच्या कॉइल (आतली तारेची वेटोळी) जोडणं, याला ओहम जुळवणं म्हणतात. लोड म्हणजे इम्पीडन्स, म्हणजे ऑडिओ सिग्नलला कॉइलकडून होणारा विरोध. तो ओहममध्ये मोजतात आणि गाडीच्या सबवूफरमध्ये १, २ किंवा ४ ओहमच्या कॉइल सर्रास मिळतात. दुकानात मात्र सगळा सौदा वॅटवर चालतो, बॉक्सवर २००० वॅट लिहिलंय ना मग झालं, पण तो आकडा आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) आहे की पीक (क्षणभराची कमाल) आणि कितीच्या ओहमवरचा आहे हे कळल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नसतो. सीटीए-२००६ हे स्टँडर्ड पाळणाऱ्या कंपन्या १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती) ठेवून आरएमएस वॅट सांगतात, तुलना करायची तर त्या आकड्यांची करावी.

अ‍ॅम्प व्होल्टेज देतो, करंट किती ओढायचा ते लोड ठरवतो. ओहम अर्धे केले की करंट दुप्पट आणि कागदावर वॅटही दुप्पट, पण प्रत्यक्षात अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय तेवढा पुरा पडत नाही, म्हणून ४ ओहमला ३०० वॅट देणारा अ‍ॅम्प २ ओहमला ६०० न देता बऱ्याचदा ५०० च्या आसपासच अडकतो. ठरलेल्या ओहमच्या खाली गेलं की अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्टचा लाल दिवा लागून आवाज बंद होतो, स्वस्तातला असेल तर सरळ जळतो. उलट ओहम जास्त असले तर काही बिघडत नाही, फक्त वॅट कमी मिळतात.

खरी गंमत ड्युअल व्हॉइस कॉइलमध्ये आहे, ज्याला सगळे डीव्हीसी म्हणतात. एकाच वूफरला दोन कॉइल असतात आणि त्या सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडल्या तर ओहमची बेरीज, पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडल्या तर निम्मे. म्हणजे ४+४ चा वूफर ८ किंवा २ ओहम होतो, २+२ चा ४ किंवा १, त्यामुळे १ ओहमपर्यंत चालणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा अ‍ॅम्प) घेतला असेल तर २+२ चा वूफर हवा आणि २ ओहमपर्यंतच चालणारा असेल तर ४+४ चा. दोन ४+४ वूफरच्या चारही कॉइल पॅरलल केल्या की १ ओहम, तेच दोन २+२ असले तर ०.५ ओहम, जे बहुतेक अ‍ॅम्पना झेपत नाही. अशा वेळी प्रत्येक वूफरच्या कॉइल आधी सिरीज करून मग दोन्ही वूफर पॅरलल करायचे, २ ओहम येतात. डीव्हीसीची एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडू नये, आणि एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे झाले तर दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतात, वूफरचा कोन (पुढचा पडदा) जेमतेम हलतो आणि कॉइल मात्र तापत राहते.

ब्रिज करताना, म्हणजे अ‍ॅम्पचे दोन चॅनल जोडून एकच वूफर चालवताना, फसणारे खूप. दोन चॅनल ब्रिज केले की प्रत्येक चॅनलला वूफरचे निम्मेच ओहम दिसतात, म्हणून चॅनलला २ ओहम चालणाऱ्या अ‍ॅम्पवर ब्रिजमध्ये कमीत कमी ४ ओहमच लावायचे. दुसरा घोळ मोनोब्लॉकचा, त्याला बऱ्याचदा स्पीकरचे दोन जोड टर्मिनल असतात आणि लोक त्यांना दोन चॅनल समजतात, पण आतून ते एकच असतात, त्यामुळे दोन्हीकडे २-२ ओहम लावले तर अ‍ॅम्पला १ ओहमच दिसतो.

बॉक्समध्ये बसवण्याआधी मल्टीमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावून बघावं. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवायचे, जे ०.२-०.३ दिसेल ते वजा करायचं, मग ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.७ दाखवते आणि ते बरोबरच आहे, कारण मीटर फक्त डीसी रेझिस्टन्स मोजतो. मीटरचा आकडा हललाच नाही तर कॉइल तुटलेली. गाणं वाजत असताना इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होत असतो, सीलबंद बॉक्समध्ये रेझोनन्सजवळ (ज्या फ्रिक्वेन्सीला वूफर आपसूकच सगळ्यात जास्त थरथरतो) तर ४ ओहमचा वूफर २०-३० ओहमपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे लेबलवरचे सगळे वॅट कधी वूफरपर्यंत पोचतच नाहीत.

म्हणूनच १ ओहमच्या मागे धावण्यात फारसा अर्थ नाही असं वाटतं, निदान रोजच्या गाडीत तरी. १००० वॅट काढायला ८० टक्के एफिशियन्सीचा क्लास डी अ‍ॅम्प १४.४ व्होल्टला ८७ अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि छोट्या हॅचबॅकचा अख्खा आल्टरनेटर साधारण तेवढ्याच घरातला असतो, वर एसी नि हेडलाइट आहेतच. बेस पडला की हेडलाइट मिचकावतात ते त्यामुळेच. तीच पॉवर ४ ओहमवर देणारा अ‍ॅम्प मिळाला तर स्पीकर वायरमधून निम्माच करंट जातो, वायरमध्ये वाया जाणारे वॅटही कमी आणि अ‍ॅम्प थंड राहतो.

वायरिंग बदललं की गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा अ‍ॅम्पवरचा नॉब) पुन्हा सेट करावा लागतो. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे अ‍ॅम्पच्या आउटपुटला हवे असलेले व्होल्ट: ५०० वॅट २ ओहमला ३१.६ व्होल्ट, तेच १ ओहमला २२.४. वूफरची वायर काढून, ४०-५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावून मीटरवर तो आकडा येईपर्यंतच गेन फिरवायचा.