यंत्र शाळेचे की मुलाचे?

वर्गात मोबाइल असावा की नसावा, यावर भांडणारे बहुतेकजण वादाची सुरुवात स्मार्टफोनपासून धरतात. खरे तर यंत्रे वर्गात शिरू पाहू लागली त्याला शंभर वर्षे उलटून गेली. शाळेतली पुस्तके लवकरच बाद होतील, मुले चलच्चित्रांतून शिकतील आणि दहा वर्षांत शाळांचा चेहरामोहरा बदलेल, असे थॉमस एडिसन 1913 मध्ये सांगून बसला होता. चित्रपटाची यंत्रे विकणे हा त्याचाच धंदा होता, त्यामुळे या उत्साहाचे फार नवल नको. पुढे रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी. भाकिते तीच राहिली, पुस्तकेही राहिली.

या साऱ्यात मूल नुसते पाहत-ऐकत बसे. त्याच्या हाताला काम दिले ते बी. एफ. स्किनर यांनी. 1953 मध्ये हे मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलांची उदाहरणे केव्हाच सोडवून झाली होती आणि ती चुळबुळत होती. काही पहिल्याच उदाहरणाशी अडली होती. उत्तर बरोबर की चूक, हे मात्र वही तपासून परत येईपर्यंत कोणालाच कळणार नव्हते. स्किनर यांनी एक पेटी बनवली. आकडे सरकवून उत्तर जुळवायचे आणि मूठ फिरवायची. उत्तर बरोबर असेल तर मूठ सहज फिरे, चुकले असेल तर जागची हलत नसे. आजच्या कितीतरी शैक्षणिक ॲपमध्ये हिरवी खूण उमटते तेव्हा ती मूठच फिरत असते, असे मला वाटते.

संगणकावर हे काम 1960 पासून इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या प्रणालीने उचलले. तिच्या 1972 च्या आवृत्तीत नारिंगी अक्षरांचा सपाट पडदा होता आणि मूल पडद्याला बोट लावून उत्तर देऊ शके. पण ही यंत्रे एका मोठ्या संगणकाला जोडलेली असत; मुलाने त्यांच्यापाशी जायचे.

अमेरिकेतले गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांना ही दिशाच मान्य नव्हती. यंत्राने मुलाला वळण लावण्यापेक्षा मुलाने यंत्राला कामाला लावावे, हा त्यांचा आग्रह. 1967 मध्ये सहकाऱ्यांबरोबर घडवलेली ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा त्यातूनच आली. पॅपर्ट यांचे काम पाहून आलेल्या संगणकतज्ज्ञ ॲलन के यांनी मग वहीएवढ्या, कुठेही नेता येणाऱ्या संगणकाची कल्पना मांडली. तेव्हा तो बनवणे शक्यच नव्हते; पुठ्ठ्याचा नमुना तेवढा झाला.

यंत्र मुलाच्या मालकीचे व्हायला 1990 उजाडले. मेलबर्नच्या मेथडिस्ट लेडीज कॉलेजने मुलींच्या हाती स्वतःचे लॅपटॉप दिले. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. किंमत प्रत्यक्षात दुपटीच्या आसपास गेली. पेरू देशाने सर्वाधिक यंत्रे घेतली, आणि तिथल्या ग्रामीण शाळांच्या 2012 मधल्या मूल्यमापनात गणित-भाषेत फरक पडलेला दिसला नाही. लॉस एंजेलिसमध्ये 2013 ला आयपॅड वाटले, तर काही दिवसांतच शेकडो मुलांनी त्यांवरचे निर्बंध उठवून टाकले. मला विचाराल तर तंत्रज्ञान सर्वांत मन लावून शिकलेली मुले ती हीच. पुढच्या वर्षी आयपॅड खरेदीचा करार गुंडाळला गेला.

तोवर स्मार्टफोन आला होता, आणि त्याची तऱ्हाच वेगळी. आधीचे प्रत्येक यंत्र शाळेने किंवा सरकारने निवडून आणलेले. हे यंत्र मात्र मूल घरून खिशात घालून घेऊन आले. कोणते धडे, किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली, यातले काहीच शिक्षकाच्या हाती उरले नाही. खिशातल्या यंत्राची धास्ती मात्र जुनीच. अमेरिकेतल्या काही राज्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस शाळांत पेजरवर, म्हणजे मोबाइलपूर्वीच्या संदेश मिळवण्याच्या छोट्या यंत्रावर, बंदी घातली होती.

2020 मध्ये महामारीने शाळा बंद केल्या आणि कालपर्यंत दप्तरातून जप्त होणारा फोन अनेक घरांत वर्गच बनला. शाळा उघडल्यावर वारे पुन्हा फिरले. 2023 मध्ये स्वीडनने छापील पुस्तकांकडे परतायचे ठरवले. फ्रान्सने तर महामारीपूर्वीच, 2018 मध्ये, साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरण्याची बंदी केली होती. त्या कायद्यातही अध्यापनासाठी होणाऱ्या वापराला सूट आहे, त्यामुळे मधल्या सुट्टीत गुन्हा ठरणारा फोन पुढच्या तासाला शिक्षकाच्या सांगण्यावरून बाकावर येऊ शकतो.