चूक पोटात घालणारा पटर

गोल्फच्या मैदानावर होलपासून दहा मीटरवर चेंडू आहे. पटर, म्हणजे ग्रीनवरून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून) चेंडू घरंगळवण्याची काठी, तेवढाच मागे नेला, त्याच लयीत आणि त्याच वेगाने दोनदा फिरवला. पहिला चेंडू होलच्या काठाशी जाऊन थांबला, दुसरा मात्र हातभर अलीकडेच राहिला. हातांनी दुसऱ्या वेळी काहीही वेगळे केले नव्हते. फक्त चेंडू पटरच्या तोंडाच्या मध्यावर न लागता दीड सेंटिमीटर बाजूला लागला होता. असली चूक पोटात घालणारे साधन म्हणून मॅलेट पटरची शिफारस केली जाते, आणि ती बऱ्याच अंशी योग्य आहे. मात्र मॅलेट कोणती चूक पोटात घालतो आणि कोणती घालत नाही, यात फरक न केल्यामुळेच बहुतेकांची निवड फसते, असे माझे मत आहे.

गोल्फच्या ‘पार’चा, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा, हिशेब प्रत्येक होलला दोन ‘पट’ (पटरचे फटके) धरून केलेला असतो, त्यामुळे 18 होलच्या, पार 72 च्या मैदानावर निम्मे, म्हणजे 36 फटके पटरच्या वाट्याला येतात. या पटरचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. ब्लेड पटरचे डोके अरुंद आणि पट्टीसारखे असते, तर मॅलेटचे डोके तोंडापासून मागे बरेच पसरलेले असते, कधी अर्धगोल, कधी चौकोनी, तर कधी मागे दोन शिंगे काढल्यासारखे. डोक्याच्या शाफ्टकडील, म्हणजे दांड्याकडील, टोकाला हील आणि दूरच्या टोकाला टो म्हणतात, म्हणजे शब्दशः टाच आणि चवडा.

चेंडू डोक्याच्या गुरुत्वमध्याच्या समोर लागला, तर डोक्याचे सगळे वस्तुमान त्याच्या पाठीशी उभे राहते. तो चवड्याकडे लागला, तर चवडा मागे ढकलला जातो, डोके स्वतःभोवती किंचित वळते आणि चेंडूला मिळायचा वेग काही प्रमाणात त्या वळण्यात खर्च होतो. ग्रिप घट्ट धरून हे टाळता येत नाही, कारण चेंडू आणि पटर यांचा स्पर्श एका मिलिसेकंदाहूनही कमी काळ टिकतो आणि लवचीक शाफ्टमधून धक्का हातांपर्यंत पोहोचून हातांनी काही करावे, एवढी सवडच मिळत नाही. त्या क्षणापुरते डोके जणू हवेत मोकळे तरंगत असते, आणि त्याने किती वळायचे हे केवळ त्याच्या निरूढी परिबलावर ठरते. पटरच्या जाहिरातींत ‘एमओआय’ या आद्याक्षरांनी मिरवणारी राशी ती हीच.

निरूढी परिबल म्हणजे वळण्याला होणारा विरोध. तो वस्तुमानापेक्षा वस्तुमानाच्या मांडणीवर अधिक अवलंबून असतो, कारण प्रत्येक कणाचे वस्तुमान त्याच्या अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणले जाते. शंभर-शंभर ग्रॅमची दोन वजने मध्यापासून 3 सेंटिमीटरवर ठेवली, तर त्यांचा वाटा 1800 ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर होतो. तीच वजने 5 सेंटिमीटरवर सरकवली की तो 5000 होतो. एक ग्रॅमही न वाढवता विरोध पावणेतीन पटींहून अधिक वाढला. दोरीवरून चालणारा कसरतपटू हातात लांब काठी धरतो, त्यामागेही हेच गणित आहे. मॅलेटचे पसरट डोके ही या दृष्टीने वजने दूर नेऊन ठेवण्यासाठी मिळालेली जागा आहे. म्हणूनच कित्येक मॅलेटमध्ये मधला भाग हलक्या ॲल्युमिनियमचा किंवा चक्क पोकळ असतो आणि कोपऱ्यांत पोलाद किंवा टंगस्टनचे जड तुकडे बसवलेले असतात.

आता दहा मीटरच्या त्या पटकडे पुन्हा वळू. डोके 350 ग्रॅमचे, चेंडू 46 ग्रॅमचा आणि निरूढी परिबल 4000 ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर, म्हणजे साधारण ब्लेडइतके धरले, तर दीड सेंटिमीटरच्या चुकीने चेंडूचा वेग सुमारे सव्वादोन टक्के घटतो. ग्रीनवर घरंगळण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने चेंडू सुमारे 44 सेंटिमीटर कमी पडतो. निरूढी परिबल 6000, म्हणजे चांगल्या मॅलेटइतके असेल, तर त्याच चुकीची किंमत सुमारे 30 सेंटिमीटर होते. वाचलेले 14 सेंटिमीटर ही काही जादू नव्हे, पण त्यासाठी खेळाडूला काहीच करावे लागत नाही.

या गणितातली खरी मेख निराळीच आहे. चूक दीडऐवजी अर्धा सेंटिमीटर असेल, तर ब्लेडने मारलेला चेंडूही जेमतेम 5 सेंटिमीटर कमी पडतो. चूक एकतृतीयांश झाली, तर नुकसान जवळपास एकनवमांश होते. त्यामुळे जो खेळाडू बहुतेक चेंडू मध्याच्या आसपासच लावतो, त्याला मॅलेटच्या या गुणाचा उपयोग नगण्य असतो; आणि ज्याचे चेंडू तोंडभर कुठेही लागतात, त्याच्यासाठी तो गुण पैसा वसूल करणारा ठरतो.

ही कल्पना नवी नाही. 1904 मध्ये वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकी खेळाडूने ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्याच्या हातात मध्यभागी शाफ्ट असलेला, मॅलेटच्या घाटाचा ‘स्केनेक्टडी’ पटर होता. पुढे काही वर्षांतच ब्रिटनच्या नियमकर्त्यांनी तशा पटरवर बंदी घातली आणि ती 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. तो पटर घडवणारा आर्थर नाइट जनरल इलेक्ट्रिकमध्ये कामाला होता, आणि 1959 मध्ये वजन टाच व चवडा यांच्याकडे वाटणारा ‘पिंग’ पटर बनवणारा कार्स्टन सोल्हाइम हाही त्याच कंपनीतला अभियंता, हा योगायोग मला फार आवडतो. 1986 मध्ये अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलॉसने वयाच्या 46 व्या वर्षी मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, तीही अवाढव्य डोक्याच्या पटरने, आणि मग मोठ्या डोक्याला हसणारे गप्प झाले. आजच्या नियमांत ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीच्या, निरूढी परिबलावर 5900 ग्रॅम-वर्ग सेंटिमीटरची मर्यादा आहे. पटरवर तशी मर्यादा नाही, पण डोक्याची टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी 7 इंचांहून अधिक असता कामा नये आणि मागे पसरलेली खोली त्या लांबीपेक्षा कमीच असावी लागते.

आतापर्यंत सगळे अंतराविषयी झाले. दिशेच्या बाबतीत मात्र मॅलेटकडून फार अपेक्षा धरू नये. चेंडू बाजूला लागल्यावर पटर हातात वळल्याचे जे स्पष्ट जाणवते, ते बहुतांशी चेंडू निघून गेल्यानंतरचे वळणे असते. प्रत्यक्ष स्पर्शाच्या काळात तोंड अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपासच फिरते. त्यातही गुरुत्वमध्य तोंडापासून खूप मागे असेल, तर डोके वळताना तोंड थोडे आडवे सरकते आणि घर्षणाने चेंडूला त्याच बाजूला ओढते, म्हणून डोके जितके खोल तितके उत्तम, असेही सरसकट म्हणता येत नाही. चेंडू कोणत्या दिशेने निघणार, हे प्रामुख्याने स्पर्शाच्या क्षणी तोंड कुठे रोखलेले होते यावर ठरते. ते एक अंश जरी तिरके असले, तरी तीन मीटरवर चेंडू सुमारे 5 सेंटिमीटर सरकतो. होलचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या 54 मिलिमीटर; तेव्हा चेंडू थेट काठावर जातो. तिरके रोखलेले तोंड आणि चुकीचा वाचलेला उतार या दोन चुका कोणताही पटर पोटात घालत नाही.

तोंड नीट रोखायला मात्र मॅलेट वेगळ्या वाटेने मदत करू शकतो. ब्लेडच्या माथ्यावर 3 सेंटिमीटरची रेघ असेल, तर एक अंशाच्या तिरकेपणाने तिचे टोक अर्धा मिलिमीटर सरकते. मॅलेटच्या खोल डोक्यावर 10 सेंटिमीटरची रेघ मावते आणि तिचे टोक पावणेदोन मिलिमीटर सरकते, जे डोळ्याला सहज कळते. 2001 मध्ये आलेल्या ओडिसीच्या ‘टू-बॉल’ पटरवर चेंडूच्या आकाराच्या दोन पांढऱ्या तबकड्या होत्या. खरा चेंडू त्यांच्या रांगेत आला की दिशा साधली, इतकी ती सोपी युक्ती होती. तरीही कोणती खूण कोणाच्या डोळ्याला मानवेल, हे आधी सांगता येत नाही. काहींना लांब रेघच गोंधळात टाकते आणि नुसती सरळ कड पुरते. म्हणून दुकानात पटर हातात घेतल्यावर तीन मीटरवरच्या खुणेवर तो रोखावा, तसाच स्थिर धरावा आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला तोंड कुठे रोखले आहे ते पाहायला सांगावे. चार-पाच पटरवर हे करून पाहिले, की कोणता आपल्याला फसवतो ते कळते.

शाफ्ट बोटावर आडवा तोलून पाहणे हीसुद्धा जुनी परीक्षा आहे. तोंड आकाशाकडे वळले, तर गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षाच्या सरळ मागे आहे. चवडा खाली लोंबला, तर तो अक्षापासून चवड्याकडे सरकलेला आहे. पहिला प्रकार सरळ मागे-पुढे जाणाऱ्या फटक्याला आणि दुसरा कमानीत फिरणाऱ्या फटक्याला जुळतो, असा सर्वसाधारण संकेत आहे. संकेत म्हणून तो ठीक, पण त्याला नियम मानून आपला फटका बदलायला जाऊ नये. मॅलेट म्हणजे पहिलाच प्रकार, हा समजही चुकीचा आहे. शाफ्टची मान वाकवून चवडा लोंबणारे मॅलेटही बनतात. तोंडावरच्या मऊ पट्टीने आवाज आणि स्पर्श बदलतो, ती आवडीची बाब आहे.

खरेदीआधी एक प्रयोग मात्र अवश्य करावा. पटरच्या तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा, सहा-सात मीटरवरून दहा चेंडू नेहमीसारखे मारावेत, आणि प्रत्येक फटक्यानंतर उमटलेल्या ठशाचे मध्यापासूनचे अंतर पट्टीने मोजून थर पुन्हा सारखा करावा. सगळे ठसे मध्याच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असतील, तर पटर कोणता घ्यायचा हे डोळ्याला काय मानवते यावरच ठरवावे. ते दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर विखुरलेले असतील, तर अधिक निरूढी परिबलाचा मॅलेट घ्यावा. आणि सगळे ठसे एकाच जागी, पण टाचेकडे सेंटिमीटरभर सरकून गोळा झालेले असतील, तर नवा पटर घेण्याआधी चेंडूपासून बोटभर मागे सरकून उभे राहावे आणि दहा चेंडू पुन्हा मारून पाहावेत.