अंतर तेवढंच, मग तास वेगळे का?

लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात साधारण 5,550 किलोमीटर अंतर आहे. वेळापत्रकात न्यूयॉर्कहून लंडनला यायला सुमारे सात तास दिलेले असतात, पण परत जायला आठ. विमान तेच, अंतरही तेच.

आधी अंतराचं पाहू. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, 40 अंशांच्या जरा वर. नकाशावर दोघांना जोडणारी सरळ आडवी रेघ हाच जवळचा रस्ता वाटतो. पण पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे सरकतो आणि मध्यावर 46 अंशांपर्यंत पोहोचतो. हा मार्ग आडव्या रेघेपेक्षा सुमारे 170 किलोमीटरने कमी भरतो. त्याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. पृथ्वीचा गोल हाताशी असेल तर हा प्रयोग जरूर करून पाहा. वाचून पटतं त्यापेक्षा दोरा सरकताना पाहून जास्त पटतं.

आता तासांचं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला मुक्कामाचं शहर आपणहून सामोरं यायला हवं, असं अनेकांना वाटतं. पण हवाही जमिनीबरोबरच फिरत असते आणि विमान त्या हवेतच उडतं. फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा किती वाहते याने, म्हणजे वाऱ्याने.

साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर, विमानं जिथून जातात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. हेच जेट स्ट्रीम. उष्ण प्रदेश आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे ते तयार होतात, म्हणून हिवाळ्यात जास्त जोरात असतात. 1920च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी निष्कर्ष एस्परांतो या, सर्व देशांसाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापले, आणि नेमके त्यामुळेच ते फारसे कुणी वाचले नाहीत. याची मला अजूनही हळहळ वाटते.

फेब्रुवारी 2020 मध्ये अशाच वाऱ्यावर स्वार होऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी 1,060 किलोमीटरच्या आसपास असतो, तरीही विमानाने ध्वनीला मागे टाकलं नव्हतं. भोवतालच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. ती हवाच धावत होती.

मग जाताना वाया गेलेला वेळ येताना भरून निघतो का? नाही. 5,400 किलोमीटर अंतर आणि ताशी 900 किलोमीटर वेग धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन बरोबर 12 तास. आता ताशी 150 किलोमीटरचा वारा घ्या. तो पाठीशी असताना 5 तास 9 मिनिटं लागतात, समोरून येताना 7 तास 12 मिनिटं. एकूण 12 तास 21 मिनिटं. समोरचा वारा विमानाला अडवतो आणि त्यामुळेच विमान त्या वाऱ्यात जास्त वेळ राहतं. तोटा वाढतो तो तिथे.

कधी वाट वाऱ्यामुळे नव्हे, तर सीमांमुळे बदलते. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमान कंपन्यांसाठी बंद झालं आणि फिनलंडमधलं हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास एकदम तेरा तासांच्या आसपास गेला. या मार्गावरची काही विमानं आता उत्तर ध्रुवावरून जातात.