पार्श्वभूमी : वेष्टनावरचा कोड नेमका कुणासाठी?

बेळगावच्या खडेबाजारात काय किंवा निपाणीच्या पेठेत काय, दहाच्या पट्टीतल्या चारच गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला कात्री घेतो. नाव एका तुकड्यावर राहते, मुदतीची तारीख दुसऱ्यावर आणि खोका दुकानातच. डोळस गिऱ्हाईक तिथल्या तिथे विचारून घेते. अंध गिऱ्हाईक घरी येऊन रक्तदाबाच्या गोळ्यांना रबरबँड लावते, साखरेच्या गोळ्यांच्या पट्टीचा कोपरा कापते. पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. दुधाच्या पिशव्यांची तीच गत: निळी, हिरवी, केशरी हा फरक फक्त रंगाचा, हाताला तिन्ही सारख्याच. अशा गिऱ्हाइकांसाठी वेष्टनावर ब्रेलऐवजी मोबाइलने वाचायचा क्यूआर कोड छापायचा, असा तोडगा आता पुढे आला आहे. तो अंधांच्या कितपत कामाचा, हा वाद समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

ब्रेलचा सगळा इतिहास इथे उगाळायचे कारण नाही. सीमाभागापुरती एक बाब मात्र नोंदवण्याजोगी आहे. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली आणि भारतीय भाषांतल्या समान ध्वनींना समान टिंबे मिळाली. मजकूर मराठी असो वा कन्नड, ‘क’ म्हणजे पहिले आणि तिसरे टिंब. पाच वर्षांनी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतर पाटीवर कोणती लिपी हवी यावरून काय काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. बोटांनी वाचणाऱ्यांच्या लिपीत तो तंटा शिरला नाही. कन्नडमधले ऱ्हस्व ए-ओ यांसारखे थोडे फरक सोडले तर दोन्ही भाषांची मुळाक्षरे एकच.

युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव छापणे बंधनकारक केले. मुदतीची तारीख त्यात नाही, कारण ती दर बॅचला बदलते आणि टिंबे उठवणारा साचा एकदाच बनतो. आपल्याकडे तशी सक्ती झाली नाही. झाली असती तरी खोका गिऱ्हाइकाच्या हाती पडतोच कुठे?

अंध माणसाची आणि कोडची खरी झटापट सुरू झाली ती संगणकावर. २००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हा तिच्यासोबत ॲक्टिव्हेशनही आले, म्हणजे किल्लीची अक्षरे टाकून आपली प्रत खरी असल्याचे सिद्ध करणे. चोरीच्या प्रतींना आळा घालणे हा त्याचा हेतू. पाच-पाचच्या पाच गटांत २५ अक्षरी किल्ली, बारीक टायपात छापलेली, आणि तिचा स्टिकर सीपीयूच्या डब्यावर नाहीतर लॅपटॉपच्या पोटाखाली. स्टिकर गुळगुळीत, बोटाला काही लागत नाही. मग शेजारचे पोर किंवा क्लासमधला मित्र बोलावून वाचून घ्यायचे. त्या किल्लीत बी, डी, पी, टी ही चारही अक्षरे येऊ शकतात आणि ऐकताना चारही सारखीच वाटतात. एक चुकले की अख्खी ओळ पुन्हा. पुढे २०१२ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांत किल्ली मदरबोर्डवरच येऊ लागली आणि हा जाच कमी झाला. तो कमी झाला चोरी रोखण्याची याहून पक्की पद्धत सापडली म्हणून. अंधांची सोय हा त्यातला आनुषंगिक लाभ.

पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचीही (स्क्रीन रीडर) कथा वेगळी नव्हती, आणि तिथे तर गिऱ्हाईकच अंध. ‘जॉज’ १९८९ पासूनचे आणि कामाला चोख, पण परवाना महागडा. जुन्या आवृत्त्यांना परवान्याची वेगळी फ्लॉपी लागे. नंतर इंटरनेटवरून ॲक्टिव्हेशन आले आणि परवाना यंत्राशी बांधला गेला. परवाना नसेल तर ४० मिनिटे चालते, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. अर्ज भरता भरता आवाज बंद पडला की केलेले सगळे वाया. विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही उदार सवलत होती. वापरणाऱ्यांनी मात्र दिवसाचे काम ४० मिनिटांच्या तुकड्यांत बसवायची सवय लावून घेतली.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातून ‘एनव्हीडीए’ हे दुसरे स्क्रीन रीडर सुरू झाले. ते घडवणारे स्वतः अंध, परवाना जीपीएलचा: कुणीही वापरा, वाटा, बदला. पेनड्राइव्हवर प्रत घेऊन कुठल्याही सायबर कॅफेत चालवता येई. खानापूरकडच्या एखाद्या कॉलेजच्या पोराला या एका गोष्टीने जेवढे मोकळे केले, तेवढे नंतरच्या कुठल्या सरकारी परिपत्रकाने केले असेल असे मला वाटत नाही. सोबतच्या ‘ई-स्पीक’ या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज यंत्रासारखा, पण मराठीही बोलतो आणि कन्नडही. अडसर उरला तो वेबसाइटच्या दारातल्या कॅप्चाचा. वाकडीतिकडी अक्षरे ओळखा म्हणजे तुम्ही माणूस, अशी ती कसोटी. तिथे अंध माणूस नापास.

कायद्याच्या बाजूने फार उशिरा हालचाल झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४२ वे कलम रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशी असण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. ४३ व्या कलमात इतर ग्राहकोपयोगी वस्तू येतात, आणि तिथे सरकारने फक्त ‘प्रोत्साहन’ द्यायचे आहे. बिस्किटाचा पुडा, साबण, मसाल्याचे पाकीट हे सगळे या ढिल्या कलमात पडले. याच कायद्याखालच्या नियमांपैकी सुगम्यतेच्या मानकांविषयीचा १५ वा नियम सक्तीऐवजी शिफारशीच्या पातळीवर राहिला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याचे पहिले पोटकलम मूळ कायद्याशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करायला तीन महिने दिले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोच जगण्याच्या मूलभूत हक्कात मोडते असे सांगितले. तो निकाल मुख्यतः केवायसीपुरता, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यापुरता. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचे दाखवा, ही अट अंध माणसाने पाळायची कशी, हा त्यातला एक प्रश्न.

औषधांवरचा आणि खाद्यपदार्थांवरचा हे दोन्ही क्यूआर कोड मात्र २०२३ सालचे. १ ऑगस्टपासून ३०० औषध ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. कारण दिले गेले बनावट औषधांचे. कोड पट्टीवर किंवा बाटलीवर हवा, जागा नसेल तर बाहेरच्या खोक्यावर चालतो. ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा नियामकाने खाद्यपदार्थांच्या उत्पादकांना दृष्टिबाधितांसाठी क्यूआर छापण्याचे सुचवले. नाव, घटक, पोषणमूल्ये, ॲलर्जीचा इशारा, शाकाहारी-मांसाहारी खूण, पदार्थ किती काळ टिकतो, हे सगळे त्यात असावे. हा सल्ला होता, सक्ती नव्हती.

या सल्ल्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ब्रेल वाचणारे थोडे, मोबाइल वापरणारे पुष्कळ, आणि पुड्यावर जागा नाही. मुद्दा खोटा नाही. पण उतारवयात दृष्टी गेलेल्या आजीच्या हातात साधा बटणांचा फोन असतो. स्मार्टफोन असला तरी कोड पुड्याच्या कोणत्या बाजूला आहे हे बोटाला कळायला काही खूण नाही. पुडा कॅमेऱ्यासमोर फिरवत बसायचे. उघडणारे पान जाहिरातीच्या चित्रांनी भरलेले असेल तर स्क्रीन रीडर ‘इमेज, इमेज’ म्हणत राहतो.

त्यात सीमाभागाची आपली भर. वेष्टनावरची सक्तीची माहिती पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते. स्थानिक मालावर कन्नडही असते. फोनला मराठी आवाज लावलेला असेल तर कन्नड ओळीवर तो अनेकदा गप्प बसतो. कन्नड आवाज लावणाऱ्याचे देवनागरीपाशी तेच होते. कोडच्या मागच्या पानाला जागेची टंचाई नाही, तिथे दोन्ही भाषा सुखाने नांदतील. तरी ते पान बहुतेक वेळा निव्वळ इंग्रजीत असते.

तारखेचा घोळ तर अजूनच चमत्कारिक. औषधाच्या कोडमध्ये बॅच आणि मुदतीची तारीख असणे सक्तीचे आहे, पण तो कोड अंधांसाठी काढलेला नाही आणि सुटी गोळी घेताना हाती येईलच असे नाही. खाद्यपदार्थाचा कोड अंधांसाठी आहे, पण तो वेष्टनाच्या छपाईतच छापला जातो आणि तारखेचा शिक्का नंतर कारखान्यात पडतो. पदार्थ सहा महिने टिकतो एवढे फोन सांगेल. कोणत्या तारखेपासूनचे सहा महिने, ते दुकानदारालाच विचारायचे.