जाळं एक, फोटो अकरा: लेझरच्या प्लाझ्माची फिल्म कशी बनते

देवबागला कर्ली खाडीच्या कडेला एक काका पाग टाकत होते, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, आणि मला ते हवेत उघडताना टिपायचं होतं. पण फोनवर एका फेकीत धड एकच फोटो येत होता. काका म्हणाले, "थांब, परत टाकतंय." मग ते टाकत गेले, मी दरवेळी बटण जरा उशिरा दाबत गेलो, आणि अकरा फेकींचे अकरा फोटो ओळीने लावले तर जाळं उघडतानाची फिल्म तयार! मासे मात्र जेमतेम कालवणापुरते.

लेझर-प्लाझ्मावाले नेमकं हेच करतात.

समजा जांभ्याच्या तुकड्यावर लेझरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झटका, मारला. पल्स किती वेळाची, तर सेकंदाचे अब्ज भाग करा, त्यातले पाच-दहा (असा एक भाग म्हणजे एक नॅनोसेकंद). टिंबाएवढ्या जागेवर एवढी ऊर्जा पडली की तिथल्या दगडाची वाफ होते, अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, टक्क आवाज येतो आणि एक झगझगीत ढग समोर झेपावतो. हाच प्लाझ्मा. सुरुवातीचा वेग सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मालवणातनं निघाला तर सेकंद-दीड सेकंदात देवबाग (रिक्षाने जाऊन बघा किती लागतात ते).

याला पकडायला कॅमेऱ्याचं शटर 5 नॅनोसेकंदच उघडतात, तेवढ्यात ढग सरकतो फक्त 0.05 मिलिमीटर. पण एका शॉटला, म्हणजे लेझरच्या एका माऱ्याला, बहुतेक वेळा एकच फोटो. पुढचा शॉट, थोडा जास्त उशीर, दुसरा फोटो, असं शेकडो वेळा. म्हणजे जी फिल्म आपण बघतो ती एका प्लाझ्माची नसतेच, शेकडो वेगवेगळ्या प्लाझ्मांचे तुकडे जोडलेले असतात! म्हणून तर नमुना फिरवत ठेवतात, नाहीतर पुढचा शॉट आधीच्या खड्ड्यात पडतो आणि ढगाचा आकारच बदलतो.

निर्वात जागेत ढग जवळपास अडथळ्याशिवाय पसरतो. हवेत मात्र तो समोरची हवा ढकलत जातो, शॉकवेव्ह तयार होते आणि वेग उतरतो, वेळ दहापट झाली तरी अंतर वाढतं अडीचपटच. हेच गणित वापरून ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1945 च्या अमेरिकेतल्या ट्रिनिटी अणुचाचणीच्या फोटोंवरून स्फोटाची ताकद काढली होती, साधारण 17 किलोटन. तिथे सगळे फोटो एकाच स्फोटाचे होते, तेवढं सुख आपल्याला नाही.

ढगाचा प्रकाश स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करणाऱ्या यंत्रात, सोडला की रंगांच्या रेषा दिसतात. रेषा किती रुंदावल्यात त्यावरून इलेक्ट्रॉनांची दाटी कळते, कुठली किती तेजस्वी त्यावरून तापमान, आणि कुठल्या रेषा आहेत त्यावरून दगडात काय आहे ते. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम दिसणारच. 2023 मध्ये चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक आहे हे असंच ओळखलं.

माझ्या अकरातल्या एका फोटोत जाळं गुंतलेलं होतं, त्याच्या जागी बारावा काढला आणि तो गुंतलेला मी डिलीट केला. लॅबमध्ये असं चालत नाही, वाकडा शॉटसुद्धा मोजणीत ठेवावा लागतो, कारण एकेक शॉट दुसऱ्यापेक्षा किती वेगळा पडतो हेच तर त्या जोडलेल्या फिल्मवर कितपत विश्वास ठेवायचा ते सांगतं.