झडपेची शस्त्रक्रिया : लहान छेदामागची पार्श्वभूमी

हृदयाची झडप बदलावी लागेल असे कळले की, नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय) किंवा सुपरच्या (सुपर स्पेशालिटी रुग्णालय) आवारात थांबलेले नातेवाईक हल्ली विचारतात, ‘छाती न फाडता होईल का?’ प्रश्न आजचा वाटतो. पण झडपेवरील सुरुवातीच्या अनेक शस्त्रक्रिया छातीचे हाड मधोमध न कापताच झाल्या होत्या.

1925 मध्ये लंडनचे सर्जन हेन्री साउटर यांनी एका मुलीच्या छातीत डाव्या बाजूने शिरून, धडधडत्या हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) बोट घातले आणि तिच्याखालची मिट्रल झडप चाचपली. मुलगी वाचली, तरी फिजिशियन मंडळींनी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठवला नाही! बेली, हार्कन आणि ब्रॉक या सर्जननी 1948 मध्ये तीच वाट पुन्हा धरली. अर्थात बोटाने चिकटलेली झडप मोकळी करता येते, बदलता येत नाही. त्यासाठी तेव्हा हृदय थांबवून आत पाहावे लागे. तेवढा वेळ हृदय-फुप्फुसांचे काम करणारे गिबन यांचे हार्ट-लंग मशीन 1953 मध्ये यशस्वी झाले, 1960 मध्ये स्टार-एडवर्ड्स ही पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप आली आणि पुढे हृदय नीट दिसावे म्हणून उरोस्थी (छातीचे मधले हाड) मधोमध कापणे हाच रिवाज झाला.

तो मोडायला 1996 उजाडावे लागले. त्या सुमारास पॅरिसमध्ये कार्पेंतिए यांनी कॅमेऱ्याच्या मदतीने मिट्रल झडप दुरुस्त केली, तर क्लीव्हलँडमध्ये कॉसग्रोव्ह लहान छेदातून महाधमनीच्या (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या) झडपेपर्यंत पोहोचले. मशीनच्या नळ्या जांघेतील रक्तवाहिन्यांतून घालता येऊ लागल्याने छातीतली जागा मोकळी झाली आणि मिट्रल झडपेसाठी उजव्या फासळ्यांमधला पाच-सात सेंटिमीटरचा छेद पुरू लागला. महाधमनीच्या झडपेसाठी मात्र अनेकदा उरोस्थीचा वरचा भाग कापतात, त्यामुळे ‘हाड न कापता’ हे वर्णन तिथे खरे नव्हे.

2002 मध्ये फ्रान्सच्या रुआँ शहरात क्रिबिए यांनी कॅथेटरमधून, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीतून, महाधमनीची झडप बसवली. ती पद्धत मुख्यतः वयोमानाने चुना साचून कडक झालेल्या झडपांसाठी वाढली. आपल्याकडे र्‍हुमॅटिक तापाने तरुणपणीच मिट्रल झडप बिघडलेले रुग्ण अजूनही येतात. त्यांना बहुधा यांत्रिक (मेकॅनिकल) झडप बसते, आणि छेद केवढाही असला तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी व आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची) तपासणी जन्मभर चालू राहते.